सीमारेषेबाहेरची गौरी

मैत्रिणींनो, बेसबॉल हा खेळ आपल्यापैकी किती जणींनी प्रत्यक्ष पाहिलाय? मी तरी नाही पाहिला. आपल्याकडे बेसबॉलची बॅट दिसते ती फार तर हिंदी सिनेमातल्या गुंडाच्या हातात! तरीसुद्धा मराठी वाचणाऱ्या बाईची आणि या खेळाची ओळख तशी जुनीच म्हणायची. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या छोट्याशा कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' या नावानं अनुवाद केलाय. बी.ए.ला असताना मी तो वाचला. क्युबामधला एक म्हातारा कोळी, ८४ दिवस त्याच्या गळाला एक मासा लागलेला नाही. मग तो एकटाच खोल समुद्रात जातो, भला मोठा मासा गळाला लागतो, हात सोलवटून निघतात. अशा वेळी त्याला आठवतं कोण? जो डिमॅजिओ! अमेरिकेतला त्या काळचा नामांकित बेसबॉल खेळाडू. त्याचा बापही कोळीच होता, आणि टाचेचं हाड दुखत असतानाही तो खेळतो, एवढ्या आठवणीवर म्हातारा स्वतःला धीर देतो.

तेव्हा मला मोठं नवल वाटलं होतं. समुद्रात जीव धोक्यात असताना माणसाला एक खेळाडू का आठवावा? मग लक्षात आलं, की यात नवल कसलं? आपल्याकडेही दवाखान्यात सलाईन लावून पडलेले आजोबा शुद्धीवर आल्यावर आधी स्कोअर विचारतातच की! खेळ म्हणजे नुसता चेंडू आणि फळी नव्हे. त्या त्या समाजानं आपली स्वप्नं, आपले मानापमान आणि आपले हिशेब त्यात बांधून ठेवलेले असतात. म्हणून तर त्यावर एवढ्या कथा-कादंबऱ्या आणि सिनेमे निघतात. आणि ते सिनेमे नीट पाहिले की कळतं, समाज कोणाला मैदानात घेतो आणि कोणाला दोरीच्या बाहेर उभं करतो. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते या दोरीबद्दल.

आधी बेसबॉल म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आपलं क्रिकेट आणि लगोरी यांची सरमिसळ समजा. प्रत्येक संघात नऊ खेळाडू. फलंदाज जिथे उभा राहतो त्या जागेला 'होम' म्हणतात, म्हणजे घरच. चेंडू टोलवायचा आणि पळत सुटायचं. वाटेत तीन थांबे, आणि ते पार करून पुन्हा घराला पाय लावला की एक धाव मिळते. घरातून निघायचं, अडचणी पार करायच्या आणि घरी परत यायचं, असा हा खेळ. अमेरिकन माणसाला त्याचं एवढं वेड का, याचं उत्तर मला तरी त्या 'घरी परत' येण्यात सापडतं. तो देशच घर सोडून आलेल्यांनी वसवलेला. त्यांचे बेसबॉलचे सिनेमे पाहिले तर निम्म्यांत बाप आणि मुलगा असतात, गाव असतं आणि हरवलेलं काहीतरी परत मिळवायची धडपड असते.

१९८९ साली आलेला 'फील्ड ऑफ ड्रीम्स' हा सिनेमा घ्या. डब्ल्यू. पी. किन्सेला यांच्या कादंबरीवरून तो काढलाय. आयोवा राज्यातल्या एका शेतकऱ्याला मक्याच्या शेतात आवाज ऐकू येतो आणि तो उभं पीक मोडून तिथे चक्क बेसबॉलचं मैदान करतो! मग त्या मैदानावर जुने, दिवंगत खेळाडू खेळायला येतात. शेवटी येतो तो त्याचा स्वतःचा बाप, तरुण वयातला. ज्या बापाशी भांडून मुलगा घर सोडून गेला होता, त्याच्याशी तो चेंडू झेलत खेळतो. पाहताना डोळ्यांत पाणी येतं हे खरं. पण माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या शेतकऱ्याची बायकोही येत राहिली. बँकेचं कर्ज डोक्यावर, भाऊ म्हणतोय शेत विकून टाका, आणि ही बाई नवऱ्याच्या वेडाला होकार देऊन घर सावरतेय. आमच्या निफाडकडे एखाद्यानं फळावर आलेली द्राक्षबाग तोडून मैदान केलं असतं, तर त्याच्या कारभारणीनं काय केलं असतं, याची कल्पना तुम्हीच करा! पण त्या सिनेमात स्वप्न त्याचं आहे आणि त्याचा हप्ता फेडण्याची काळजी तिची आहे, हे कुठे तरी आपल्या ओळखीचं वाटतंच ना?

त्या मैदानावर येणारे खेळाडू होते १९१९ सालच्या मोठ्या बदनामीतले. शिकागोच्या संघातल्या आठ जणांवर पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप झाला. पुढे कोर्टानं सोडलं, तरी त्यांना जन्मभर खेळातून बाहेर काढलं गेलं. लोकांचं मन पार मोडलं. मग कादंबरीकारानं आणि सिनेमावाल्यांनी तो खेळ पुन्हा मातीत, शेतात नेऊन धुऊन काढला. आपल्याकडे वेगळं काय झालं? २००० साली क्रिकेटमधल्या सामनेनिश्चितीचं प्रकरण उघडकीला आलं. घराघरातल्या माणसांना वाटलं, आपल्याला फसवलं. आणि पुढच्याच वर्षी, जून २००१ मध्ये, आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' आला. त्यात पैसा नाही, जाहिराती नाहीत. आहे ती कोरडी जमीन, डोक्यावर करवसुली आणि हातानं घडवलेली बॅट. सिनेमा आधीपासून तयार होत होता, त्यामुळे तो काही त्या प्रकरणावरचं उत्तर म्हणून काढलेला नव्हता. पण लोकांनी तो डोक्यावर घेतला त्यात दुखावलेल्या मनाचा वाटा होता, असं मला आजही वाटतं.

'लगान'ची गोष्ट काही मी तुम्हाला सांगायला नको. १८९३ सालचं चंपानेर, जिंकलं तर तीन वर्षं सारा माफ आणि हरलं तर तिप्पट. भुवन एकेक माणूस गोळा करतो. लोहार, कोंबड्या पाळणारा, ज्योतिषी, मुका बागा, मुसलमान इस्माईल, शीख देवा आणि ज्याला शिवायचं नाही असा कचरा. गाव म्हणतं, याला घेतलं तर आम्ही खेळणार नाही. भुवन म्हणतो, घेणारच. तिथे थिएटरात टाळ्या पडल्या होत्या.

कचऱ्याची फिरकी पाहताना अनेकांना आठवले ते पळवणकर बाळू. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राची आहे आणि सिनेमापेक्षा कमी नाही. चर्मकार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. डावखुरी फिरकी अशी, की हिंदूंच्या संघाला त्यांना घेतल्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पण मैदानात चेंडू हातात घेणारे हे हात चहाच्या वेळी मात्र बाटवणारे ठरत. बाळूंना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी कर्णधारपद काही त्यांना मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल पळवणकरांना, १९२३ साली. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीतच लिहिलं. अमेरिकेतही जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ साली पहिल्यांदा गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते '४२' या २०१३ च्या सिनेमात आहे. म्हणजे देश कुठलाही असो, दोरी ही होतीच.

आता 'लगान' पुन्हा पाहा, पण यावेळी बायकांकडे बघून. या गावाला क्रिकेट शिकवतं कोण? एक बाई! साहेबाची बहीण एलिझाबेथ. नियम तिनं समजावले, हातवारे करून तिनं शिकवलं. आणि गावातली गौरी? भुवनवर सगळ्यात आधी विश्वास टाकणाऱ्यांतली ती. पण अकरा जणांत गौरी नाही. गंमत म्हणजे गौरीचे वडील, ते वैद्यकाका, वयानं थकलेले असूनही संघात आहेत. इस्माईल जायबंदी झाल्यावर त्याच्यासाठी पळायला एक लहान मुलगा, टिपू, चालतो. पण उड्या मारत डोंगर चढणारी गौरी दोरीबाहेर हात जोडून उभी. अर्थात १८९३ सालच्या गोष्टीत बाई बॅट घेऊन उतरली असती तर ते खोटं वाटलं असतं, हे मलाही कळतं. माझी दिग्दर्शकांशी तक्रार नाही. पण तेव्हा तिघी मैत्रिणी मिळून आम्ही तो सिनेमा पाहिला, आणि आमच्यापैकी एकीलाही हे खटकलं नाही. बाईनं कडेला उभं राहून नवस बोलायचा, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं!

अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानात बायका उतरल्या त्या युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा १९४३ साली मुलींची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. ती १९५४ पर्यंत चालली आणि सहाशेच्या आसपास मुली तिच्यात खेळल्या. १९९२ सालचा 'अ लीग ऑफ देअर ओन' हा सिनेमा त्यांच्यावरचा. दिग्दर्शिका पेनी मार्शल. त्यातल्या काही गोष्टी पाहून हसावं की रडावं कळत नाही. या मुलींना खेळाबरोबर कसं बसावं, कसं बोलावं, चेहऱ्याला काय लावावं याचं शिक्षण दिलं जाई. कपडे म्हणजे आखूड झगा! त्या झग्यात मैदानावर घसरत जायचं, मांडीची सालटी निघायची, पण दिसायचं मात्र नाजूक. आणि हे सगळं सिनेमावाल्यांच्या मनचं नाही, खरोखर तसं होतं. त्यातही काळ्या मुलींना या संघांमध्ये जागा नव्हती. दोरीच्या आत गेलं तरी आत आणखी एक दोरी असतेच.

त्या सिनेमातल्या मुलींचा प्रशिक्षक एक दारुडा माजी खेळाडू आहे. मुलगी रडली की तो अंगावर ओरडतो, या खेळात रडणं चालत नाही म्हणून. आणि नायिका डॉटी? संघातली सर्वांत गुणी खेळाडू. नवरा युद्धावरून परत आला की ती बॅग भरते. शेवटच्या सामन्याला येते खरी, पण नंतर घरीच जाते. बेसबॉलमध्ये पुरुष घरी परतला की धाव मोजतात. बाई घरी परतली की तिचा खेळ संपतो. खेळाचे नियम एक असले तरी घराचे नियम दोघांना वेगळे!

आपल्याकडे २००७ साली शिमित अमीन यांचा 'चक दे! इंडिया' आला आणि पहिल्यांदा आख्खा सिनेमा मुलींच्या संघावर उभा राहिला. खेळ हॉकी. त्याच्या मागे २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी जिंकलेल्या सुवर्णपदकाची प्रेरणा होती. त्यातल्या कर्णधार विद्याला सासरचे विचारतात, घर की हॉकी. प्रीतीचा होणारा नवरा क्रिकेटपटू, त्याला तिची हॉकी म्हणजे पोरखेळ वाटतो. ती प्रीती साकारली कोल्हापूरच्या सागरिका घाटगेनं. त्या वर्षी आमच्याकडे लग्नकार्यातसुद्धा बँडवाले त्याचं गाणं वाजवत होते! मग २०१६ साली 'दंगल' आला, कुस्तीतल्या फोगट बहिणींचा. दोन्ही सिनेमे मला आवडतात. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दोन्हीकडे मुलींना घडवणारा, स्वतःची जुनी जखम घेऊन आलेला एक पुरुष आहे. 'दंगल'मध्ये तर स्वप्नच मुळी वडिलांचं. मुलींना आधी विचारलंय कोणी?

या रांगेत आपल्या नाशिकच्या मुलीचा एक सिनेमा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला आर. बाल्की यांचा 'घूमर'. नायिका सैयामी खेर ही नाशिकमध्ये वाढलेली, आणि एके काळी मराठी-हिंदी पडदा गाजवणाऱ्या उषा किरण यांची नात. उषाताई लग्नानंतर नाशिकच्या झाल्या, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना चांगलं आठवत असेल. सैयामी स्वतःही खेळाडू वृत्तीची. 'घूमर'मधल्या अनिनाची भारतीय संघात निवड होते आणि नेमका तेव्हा अपघातात तिचा उजवा हात जातो. मग डाव्या हातानं ती फिरकी शिकते. इथेही प्रशिक्षक दारूच्या आहारी गेलेला माजी खेळाडू! मुलींच्या संघाला शिकवायला सिनेमावाल्यांना शुद्धीवरचा माणूस का मिळत नाही, हे एक कोडंच आहे. पण त्या सिनेमातली मला भावली ती अनिनाची आजी, शबाना आझमींनी केलेली. तिला क्रिकेटचे सगळे आकडे तोंडपाठ. नातीच्या खेळाचा हिशेब ठेवणारी आजी पडद्यावर पाहिली आणि वाटलं, आता कुठे घर मैदानाच्या बाजूनं झालं.

घराचा विषय निघालाच आहे तर 'पंगा'बद्दल सांगितलंच पाहिजे. जानेवारी २०२० मधला अश्विनी अय्यर तिवारी यांचा हा सिनेमा. जया ही एके काळची भारताची कबड्डी कर्णधार, आता रेल्वेत नोकरी करते, मुलाचं आजारपण सांभाळते. मुलाच्या हट्टानं ती बत्तिशीत पुन्हा मैदानात उतरते. आमच्या महिला मंडळानं सिन्नरच्या बाजूच्या एका गावात बचत गटाच्या बायकांना हा सिनेमा पडदा लावून दाखवला. पस्तीस-चाळीस जणी होत्या. संपल्यावर मी मोठ्या उत्साहानं विचारलं, काय वाटलं? तर मागून एक आवाज आला, "ताई, ती खेळायला गेली ते ठीक. पण तिच्या घरी पोळ्या कोण लाटत होतं?" सगळ्या खो खो हसल्या. सिनेमात तिचा नवरा डबा करतो, मुलाला सांभाळतो, भाजी जळते, तरी करतो. मी तसं सांगितलं. त्यावर दुसरी म्हणाली, "म्हणून तर तो सिनेमा आहे, ताई."

हसण्यावारी गेलेलं ते वाक्य मला पुढे बरेच दिवस पुरलं. कारण त्याच बायकांमध्ये एकीची मुलगी नववीत होती. आठवीपर्यंत शाळेच्या कबड्डी संघात, चढाई करायला पटाईत. नववीत गेल्यावर तिचं खेळणं बंद झालं. कारणं आपल्याला नवी नाहीत. सराव संध्याकाळी साडेसहापर्यंत, येताना रस्त्यावर दिवे नाहीत. हाफ पँट घालायची. आजी म्हणते, पाय मोडला तर लग्न कोण करणार. आणि आई शेतावरून येईपर्यंत स्वयंपाकाची तयारी कोण करणार? कोणी तिला रागावलं नव्हतं की मारलं नव्हतं. ती आपली हळूच दोरीबाहेर गेली. शाळेच्या यादीत तिच्या नावापुढे फक्त गैरहजर असं लागत राहिलं.

आमच्या बैठकीत यावर बरंच बोलणं झालं. शेवटी तोडगा काढला तो बायकांनीच. रोज दोघी-दोघी जणी संध्याकाळी मैदानाच्या कडेला जाऊन बसू लागल्या. हातात लसूण सोलायला, गवारीच्या शेंगा मोडायला. काम तिथे व्हायचं आणि मुलीही डोळ्यांसमोर. सुटल्यावर सगळ्या मिळून घरी. महिन्याभरात मैदानावर सहाच्या अकरा मुली झाल्या. त्या मुलीच्या आजीला मी एकदा तिथेच पाहिलं, पदर खोचून पंचाशी वाद घालत होती! नात पुढे देशासाठी खेळेल की नाही मला ठाऊक नाही. पण नववीतल्या मुलीचा एक तास तिच्या हक्काचा झाला, हे काही थोडं नाही.

आणि खेळ म्हणजे आपल्याला अगदीच परका, असं तरी कुठे आहे? आपल्या आज्या-पणज्या श्रावणात मंगळागौर रात्र रात्र जागवायच्या. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं... बसफुगडी दोन मिनिटं घालून बघा, मांड्या काय म्हणतात ते! हा कसदार व्यायाम होता, फक्त त्याला खेळाडूपणाचा मान नव्हता. त्यात हार-जीत नव्हती, प्रेक्षकही बायकाच. म्हणून मला वाटतं, की आपला खरा 'बेसबॉलचा सिनेमा' कुठला असेल, तर तो केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा'. ३० जून २०२३ ला आलेला. एकमेकींशी अबोला धरलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. नीट पाहा, त्याची सगळी मांडणी खेळाच्या सिनेमाची आहे. विस्कटलेला संघ, सराव, दुखणारे गुडघे, भांडणं, आणि शेवटी स्पर्धा. फक्त संघात चाळिशीच्या आणि साठीच्या बायका! रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिनेत्री. त्या सिनेमानं ७० कोटींच्या पुढे धंदा केला. नऊवारी नेसून, गॉगल लावून, ट्रॅक्स-टेम्पो करून तालुक्याच्या गावांतून बायका थिएटरात गेल्या. कित्येकींनी कित्येक वर्षांनी थिएटरची पायरी चढली होती. तिथे तर त्यांनी खुर्च्यांमधल्या जागेत फुगड्या घातल्या! डिमॅजिओला आठवून त्या म्हाताऱ्या कोळ्याला जो धीर येत होता, तोच धीर या बायकांना पडद्यावरच्या आपल्यासारख्या बाईला धापा टाकताना पाहून आला असेल.

सिनेमाच्या पुढे खरं आयुष्यही आता चार पावलं गेलंय. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरातल्या पायवाटांवरून धावत धावत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझपदकापर्यंत गेली. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं रौप्यपदक आणलं. सिन्नरच्या माया सोनवणेची वेगळ्याच धाटणीची लेगस्पिन २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंजमध्ये सगळ्या देशानं पाहिली. आणि २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तर आपण कोणीच विसरणार नाही. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. २००५ आणि २०१७ मध्ये अंतिम सामन्यात हुकलेला तो चषक! सलामीला आपली सांगलीची स्मृती मानधना. प्रशिक्षक अमोल मुझुमदार, ज्यांनी स्थानिक क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा करूनही भारताची टोपी कधी घातली नाही. लोकांना लगेच 'चक दे!'मधला कबीर खान आठवला.

मला त्यातल्या दोन गोष्टी जपून ठेवाव्याशा वाटतात. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून जेमिमा रॉड्रिग्ज सगळ्या जगासमोर रडली आणि आपल्या मनावर किती ताण होता, आपण किती रडायचो, हे तिनं मोकळेपणानं सांगितलं. खेळात रडणं चालत नाही म्हणणाऱ्या त्या सिनेमातल्या प्रशिक्षकाला यापेक्षा चांगलं उत्तर कुठलं? आणि चषक मिळाल्यावर या मुलींनी तो नेऊन दिला मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हातात. ज्या आधी खेळल्या, ज्यांना हे मिळालं नाही, त्यांच्या हातात. १९७३ साली पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली, तेव्हापासून स्वतःचे पैसे घालून, गैरसोयीत राहून खेळलेल्या कितीतरी जणींचा तो मान होता.

आता या विजयावरही कधीतरी सिनेमा निघेल. आपण जाऊ, टाळ्या वाजवू, डोळे पुसू. पण मैत्रिणींनो, थिएटरातून बाहेर आल्यावर एक काम करायला हवं. आपल्या घरातली, शेजारची, नात्यातली जी मुलगी आठवी-नववीत आहे, ती या वर्षी खेळाच्या तासाला जाते का, हे एकदा तिला विचारा. जात नसेल तर का, हेही विचारा. उत्तर फार मोठं नसेलच. रस्त्यावरचा दिवा असेल, मैदानाजवळ नसलेलं स्वच्छतागृह असेल, महिन्यातले चार दिवस असतील, सरावाची वेळ असेल नाहीतर संध्याकाळच्या पोळ्या असतील. दिव्यासाठी ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत अर्ज देता येतो. स्वच्छतागृहासाठी शाळेच्या व्यवस्थापन समितीत बोलता येतं, तिथे पालक म्हणून आपलाही आवाज असतो. आणि पोळ्यांचं म्हणाल, तर त्या घरातल्या मुलालाही लाटता येतात, फक्त पोळपाट त्याच्याकडे सरकवावा लागतो.

गौरीला भुवनच्या संघात जागा मिळाली नाही. आपल्या गावातल्या गौरीला ती मिळायची असेल, तर दोरी कोणीतरी थोडी वर उचलून धरायला हवी. दोन जणी मिळून धरली, तर हाताला फारसं ओझंही होत नाही.